आठ दिवस झाले, साप काही खात नाही

पत्र: आठ दिवसांपूर्वी मी बॉल पायथन जातीच्या अजगराचं पिल्लू घरी आणलं. वय साधारण तीन महिने, लांबी दीड फुटाच्या आसपास. तीन फुटी काचेची टाकी घेतली, तळाला वाळू पसरली, ऊब मिळावी म्हणून विजेवर गरम होणारा दगड ठेवला आणि रात्रीसाठी लाल दिवा लावला. लपायला आरपार पोकळ असलेला ओंडका आहे. विक्रेत्यानं सांगितलं होतं की आठवड्याला एक उंदीर द्या, पण टाकीत देऊ नका, वेगळ्या डब्यात नेऊन द्या, नाहीतर तुमचा हात दिसला की चावायला येईल. त्याप्रमाणे तीनदा उंदराचं जिवंत पिल्लू देऊन पाहिलं. हा तोंड फिरवतो आणि चेंडूसारखा गोळा होऊन बसतो. माणसाळावा म्हणून मी त्याला रोज संध्याकाळी अर्धा तास हातात घेते. घरचे म्हणतात, तोंड उघडून भरव. मैत्रीण म्हणते, एकटा आहे म्हणून खात नाही, जोडीला दुसरा आण. घरात चार वर्षांची भाची आहे, तिलाही तो हातात घ्यायचाय. माझं काय चुकतंय?

उत्तर:

तीन कामं आजच करा, बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल. तो गरम होणारा दगड बंद करून टाकीबाहेर काढा. सापाला हातात घेणं थांबवा. आणि जेवण देणंही थांबवा, निदान आठवडाभर. तिसरं वाचून पोटात धस्स झालं असेल, पण आठ दिवसांच्या उपासानं धडधाकट अजगराचं पिल्लू दगावत नाही. नको असलेला उंदीर सारखा नाकासमोर धरल्यानं मात्र त्याला उंदराचीच धास्ती बसते.

तुम्ही विचारलंय जेवणाबद्दल, पण अडचण बहुतेक घराची आहे. बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या गवताळ भागातला. दिवस काढतो तो उंदरांच्या रिकाम्या बिळात नाहीतर वारुळात, आणि अंधार पडल्यावर बाहेर येतो. बीळ अरुंद असतं, अंग सगळीकडून मातीला टेकलेलं असतं, आणि त्यातच त्याला सुरक्षित वाटतं. आता तुमच्या टाकीकडे त्याच्या बाजूनं बघा. चारही बाजूंनी उघडी काच, वरून दिवा, आणि आडोसा म्हणून जो ओंडका आहे त्यालाही दोन्हीकडून दारं. त्यात रोज संध्याकाळी एक मोठा हात वरून खाली येतो. डोकं आत घेऊन गोळा होणं ही या जातीची भीतीची ठरलेली खूण आहे. तो हट्ट करत नाहीये, तो घाबरलाय. आणि घाबरलेला साप गिळत नाही, कारण तोंडात उंदीर असताना त्याला पळताही येत नाही आणि चावताही येत नाही.

म्हणून आधी आडोसे. एक नव्हे, दोन: एक उबदार बाजूला, एक गार बाजूला, आणि जमलं तर दोन्ही एकसारखे. एकच ठेवला तर सापाला ऊब आणि लपणं यांपैकी एक निवडावं लागतं, आणि तो बहुतेक वेळा लपणं निवडून थंडीत कुडकुडत बसतो. आडोसा प्रशस्त नको. वेटोळं घालून बसल्यावर पाठ छताला आणि कडा भिंतींना लागतील एवढाच हवा, दार एकच. प्लास्टिकचा अपारदर्शक डबा उपडा करून त्याला कडा घासून गुळगुळीत केलेलं भोक पाडलं तरी काम भागतं. मग टाकीच्या तीन बाजूंना बाहेरून जाड कागद लावा आणि मधल्या मोकळ्या जागेत फांद्या, प्लास्टिकची पानं, बुचाच्या सालीचे तुकडे टाकून इतकी गर्दी करा की या टोकाकडून त्या टोकाकडे जाताना त्याला उघड्यावर यावंच लागू नये. लहान सापाला मोठी टाकी सोसत नाही असं सर्रास सांगितलं जातं. माझ्या मते त्याला मोठी टाकी नाही, रिकामी टाकी सोसत नाही. तुमची तीन फुटी टाकी आत्ता पुरेशी आहे. पूर्ण वाढलेला बॉल पायथन तीन ते पाच फुटांचा होतो, माद्या नरांपेक्षा मोठ्या. तेव्हा १२० सेंमी लांब, ६० सेंमी रुंद आणि ६० सेंमी उंच, म्हणजे सापाला अंग बऱ्यापैकी पसरता येईल, एवढं घर लागेल.

झाकणाला कडी आहे ना? पत्रात तुम्ही त्याबद्दल काही लिहिलेलं नाही. वरून एखादं जाड पुस्तक ठेवणं म्हणजे कडी नव्हे. जिथून डोकं जातं तिथून अख्खा साप जातो, आणि रात्रभर नाकानं फटी चाचपणं हाच त्याचा उद्योग असतो.

आता ऊब, कारण पचन तिच्यावर चालतं. साप स्वतःच्या अंगात उष्णता तयार करत नाही, बाहेरून घेतो. अंग थंड असेल तर पाचक रस नीट काम करत नाहीत आणि गिळलेला उंदीर पोटातच सडायला लागतो. सापाला हे कळतं की नाही ते सोडा, त्याचं शरीर हिशेब बरोबर करतं: ऊब नाही तर भूक नाही. टाकीच्या एका टोकाला, साप जिथे बसतो त्या पृष्ठभागावर, ३१ ते ३३ अंश सेल्सियस हवेत. दुसऱ्या टोकाला २५ ते २७. रात्री थोडं उतरलं तर चालतं, पण २४ च्या खाली नको. मधला उतार त्याला स्वतःच्या सोयीनं वापरू द्या.

गरम दगडाचा दोष असा की तो एकाच जागी तापतो, किती तापतो यावर कुणाचा ताबा नसतो, आणि सापाला पोटाखालची धग वेळेवर कळतेच असं नाही. भाजेपर्यंत तो तसाच बसून राहतो. आज दगड काढल्यावर सापाच्या पोटाच्या रुंद खवल्यांवर तांबूस किंवा तपकिरी डाग, फोड दिसतात का ते एकदाच बघून घ्या. दिसले तर या पत्रातलं बाकी सगळं बाजूला ठेवा आणि सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे जा. दगडाऐवजी टाकीच्या तळाला बाहेरून चिकटणारी हीट मॅट चालेल, तळाचा साधारण तिसरा हिस्सा व्यापणारी; किंवा वर प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर, साप त्याला वेटोळं घालू शकणार नाही अशी जाळी लावून. काहीही घ्या, पण थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला वीज आपोआप तोडणाऱ्या उपकरणाशिवाय, घेऊ नका. खर्चात कुठे हात आखडता घ्यायचाच असेल तर शोभेच्या वस्तूंवर घ्या, थर्मोस्टॅटवर नको. तापमान काचेला चिकटवलेल्या गोल तबकडीवर विसंबून मोजू नका. वायरच्या टोकाला सेन्सर असलेला डिजिटल थर्मामीटर उबदार आडोशाच्या आत, अगदी जमिनीलगत ठेवा. लाल दिवा काढून टाका. सापांना तो दिसत नाही हा गैरसमज आहे, रात्री त्यांना अंधारच हवा. दिवसा बारा तास साधा उजेड पुरतो. सौम्य यूव्हीबी (अतिनील किरण देणारा) दिवा लावलात तर चांगलंच, पण आत्ताच्या यादीत तो खाली येतो.

आकडे जमले की नाही हे थर्मामीटरइतकंच साप सांगतो. दिवसरात्र गरम टोकाला चिकटून असेल तर टाकी एकूण थंड आहे. गार टोकाच्या काचेला नाक लावून असेल तर तापलेली. तासन्‌तास पाण्याच्या भांड्यात बसत असेल तर एकतर उकडतंय, नाहीतर हवा कोरडी आहे, नाहीतर अंगावर गोचिडीसारखे बारीक काळे किडे झालेत. असा साप दिसला तर पांढरा टिपकागद हलकेच अंगावरून फिरवा. त्यावर मोहरीच्या दाण्याहूनही लहान, चालणारे काळे ठिपके आले तर तेच ते. हनुवटीखाली आणि डोळ्यांच्या कडेलाही बघा.

वाळू काढून टाका. ती तोंडात जाते, खवल्यांत अडकते आणि हवा कोरडी ठेवते, तर या सापाला दमटपणा ६० ते ७० टक्के लागतो. पुढे नारळाच्या सोडणाचा भुसा उत्तम, पण पहिले काही आठवडे मी तुम्हाला साधा कागदच अंथरायला सांगेन. दिसायला अगदीच गरिबीचं वाटेल, पण नव्या सापाची विष्ठा कशी आहे, किडे आहेत का, काही ओकून टाकलंय का, हे कागदावर लगेच कळतं. विष्ठेसोबत खडूसारखा पांढरा गोळा पडला तर घाबरू नका, ते त्याचं मूत्र. दमटपणासाठी एका आडोशात ओलसर, पिळून घेतलेलं स्फॅग्नम मॉस (ओल धरून ठेवणारं शेवाळ) भरा. देवदार आणि पाइनचा भुसा मात्र कधीच नको, त्यातली उडणारी तेलं सापाच्या फुप्फुसांना बाधतात. पाण्याचं भांडं जड, सहज न कलंडणारं आणि साप आत बसू शकेल एवढं. पाणी रोज बदला.

हे सगळं लागलं, तापमान दोन दिवस स्थिर राहिलं, की तिथून सात ते दहा दिवस मोजा. या काळात पाणी बदलायला आणि घाण काढायलाच हात आत जाऊ द्या. दरम्यान विक्रेत्याला गाठून तीन गोष्टी विचारा: हा शेवटचं कधी जेवला, काय जेवला, आणि ते जिवंत होतं की मेलेलं. बॉल पायथन खाण्याच्या बाबतीत भलते चोखंदळ असतात. छोट्या पांढऱ्या उंदरांवर वाढलेलं पिल्लू मोठ्या जातीच्या उंदराचं पिल्लू ओळखतच नाही, आणि उलटही होतं. आधी त्याच्या सवयीचं द्या, बदल नंतर करता येतो. त्याच फोनमध्ये कागदपत्रांचंही विचारा. ही जात साइट्स कराराच्या परिशिष्ट दोनमध्ये आहे, म्हणजे तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाने लागतात. साप बंदिस्त अवस्थेत जन्मलेला आहे आणि तो पाळणं तुमच्या इथे कायद्यात बसतं, हे दाखवणारा कागद तुमच्याजवळ हवा. जंगलातून धरलेला प्राणी असेल तर पोटात जंत असण्याची शक्यता वाढते, हेही कारण आहेच.

आकार ठरवायला स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा घ्या. डब्यासकट सापाचं वजन, वजा डब्याचं. लहान वयात सापाच्या वजनाच्या १० ते १५ टक्के वजनाचा उंदीर दर पाच ते सात दिवसांनी, असा साधारण हिशेब आहे. म्हणजे साप १०० ग्रॅमचा असेल तर उंदीर १० ते १५ ग्रॅमचा. काटा नसेल तर सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढा जाड उंदीर. साप मोठा होईल तसं हे प्रमाण आणि वारंवारता दोन्ही कमी होत जातात; पूर्ण वाढलेल्याला दोन-चार आठवड्यांतून एकदा पुरतं. पाळीव अजगर उपासानं मरण्यापेक्षा लठ्ठ होण्याची भीती जास्त.

उंदीर जिवंत नको. तुमच्या हातातलं डोळे न उघडलेलं पिल्लू काही करणार नाही हे खरं, पण पुढे वाढत्या सापासोबत उंदीरही मोठे होतील, आणि टाकीत कोंडलेला उंदीर न जेवणाऱ्या सापाची पाठ कुरतडून हाडापर्यंत जाऊ शकतो. गोठवलेले, खास सापांच्या खाद्यासाठी वाढवलेले उंदीर घ्या. घरात किंवा शेतात पकडलेला उंदीर तर नकोच: त्याच्या अंगात जंतू असतात, आणि कुणी घातलेलं उंदराचं औषध त्याच्या पोटात असलं तर ते सापाच्याही पोटात जातं. दूध, कच्चं मांस, भाज्या यांचा विचारच करू नका. याला अख्खा उंदीर लागतो, हाडं, आतडी, केस यांच्यासकट.

गोठवलेला उंदीर आदल्या रात्री घट्ट बंद पिशवीत फ्रीजच्या खालच्या भागात ठेवा. संध्याकाळी ती पिशवी कोमट पाण्यात धरा. पोट बोटानं दाबून बघा. आत गोटीसारखं कडक लागलं तर अजून बर्फ आहे. पूर्ण मऊ झाल्यावर शेवटची दहा मिनिटं जास्त गरम पाण्यात, म्हणजे अंग जिवंत उंदराएवढं, ३८-४० अंशांच्या आसपास येईल. मायक्रोवेव्ह वापरू नका. बाहेर थंड राहून आतून शिजतो आणि कधी फुटतोही. मग कागदानं कोरडा करा. हा शेवटचा गरमपणा महत्त्वाचा, कारण बॉल पायथनच्या वरच्या ओठावर उष्णता ओळखणाऱ्या खाचांची ओळ असते. अंधारात त्याला भक्ष्य दिसतं ते त्या खाचांतून. थंड उंदीर त्याच्या लेखी वस्तू आहे, जेवण नाही.

खोलीतला दिवा मंद करा, माणसं बाहेर काढा. उंदीर लांब चिमट्यानं पाठीत धरा आणि आडोशाच्या दारासमोर, थोड्या अंतरावर, एका बाजूनं दुसऱ्या बाजूला हळू न्या. सापाच्या तोंडावर आपटू नका, पुढे-पुढे ढकलू नका. खरा उंदीर सापावर चाल करून जात नाही. जीभ लवलवण्याचा वेग वाढला आणि मानेची इंग्रजी एस अक्षरासारखी घडी झाली की तुम्ही दगडासारखे स्तब्ध राहा. झडप बसली की चिमटा सोडा. मग तो उंदराला वेटोळ्यात आवळून बराच वेळ नुसता बसेल, मेलेला असला तरी. नंतर सैल सोडून डोकं शोधेल. डोक्याकडून सुरुवात केली की पाय आणि केस गिळताना आडवे येत नाहीत. गिळून झाल्यावर तो मोठ्या जांभया देईल आणि जबडा वाकडातिकडा करेल. निखळलेला नाही तो. खालच्या जबड्याचे दोन भाग पुढे लवचीक स्नायुबंधानं जोडलेले असतात, ते जागेवर बसवणं चाललेलं असतं.

झडप नाहीच घातली तर उंदीर दाराशी ठेवून निघून जा. रात्रीतून खाल्ला तर ठीक, सकाळी तसाच असेल तर फेकून द्या, परत गोठवू नका. पुढचा प्रयत्न पाच ते सात दिवसांनी, त्याआधी नाही. तो वेगळा डबा आता कपाटात टाका. टाकीत जेवल्यानं साप चावरा होतो हे तर्काला धरूनच नाही. जेवणाआधी उचलून अनोळखी जागी नेलं म्हणूनच अनेकदा जेवण फसतं, आणि भरल्या पोटी परत उचललं तर ओकण्याची भीती. हाताला उंदराचा वास असला की मात्र तो हातावर येऊ शकतो, म्हणून चिमटा आणि साबण.

जेवल्यावर ४८ तास हात लावू नका. कधी त्यानं गिळलेलं ओकून टाकलं तर लगेच दुसरा उंदीर देऊ नका. तापमान तपासा, दहा ते चौदा दिवस थांबा, मग नेहमीपेक्षा लहान द्या. पुन्हा तसंच झालं तर डॉक्टर.

तोंड उघडून भरवायचं तर अजिबात नाही. त्यात जबड्याला, अन्ननलिकेला इजा होते, आणि जेवणाची भीती कायमची बसते. तो निर्णय पशुवैद्याचा. वजन आठवड्यातून एकदा बघा आणि लिहून ठेवा. सुरुवातीच्या वजनातलं १० टक्के गेलं, किंवा घर व्यवस्थित असूनही चार प्रयत्न फसले, तर डॉक्टरांकडे जाताना ताजी विष्ठाही न्या. तोंड उघडं ठेवून श्वास, नाकातोंडाशी बुडबुडे, श्वासाला शिट्टीसारखा आवाज, डोकं सतत वर धरून बसणं, यांपैकी काही दिसलं तर दहा टक्क्यांची वाट बघू नका. उलट, डोळे निळसर-धुरकट झाले आणि रंग फिका पडला तर तो कात टाकायच्या बेतात आहे. त्या आठवडाभरात खाल्लं नाही तर सोडून द्या, फक्त मॉस ओलं ठेवा. कात बहुतेक अखंड निघते. डोळ्यांवरचे गोल पापुद्रे तिच्यासोबत आलेत का ते कातेवर बघा. राहिले असतील तर नखानं काढायला जाऊ नका.

जोडीदार आणू नका. बॉल पायथन एकटा राहणारा प्राणी आहे. दोन साप एकाच आडोशात एकमेकांवर पडलेले दिसतात ते प्रेमानं नव्हे, उबदार जागा एकच असते म्हणून. त्यात एक जेवतो आणि दुसरा झुरतो. शिवाय एकाला सांभाळणं हेच लांबचं काम आहे. हे साप नीट पाळले तर वीस-तीस वर्षं सहज जगतात, आणि अमेरिकेत सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात साठी उलटलेल्या एका मादीनं २०२० मध्ये अंडीसुद्धा घातली होती. तुमची भाची कॉलेजात जाईल तेव्हाही हा टाकीत असणार, हे घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा.

भाचीचं म्हणाल तर आत्ता तिनं काचेबाहेरूनच बघावं. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर आणि विष्ठेत सॅल्मोनेला जिवाणू असू शकतात. साप निरोगी दिसतो, पण पाच वर्षांखालच्या मुलांना त्याचा त्रास जास्त होतो. पाच पूर्ण झाल्यावर, सापानं सलग तीन-चार वेळा व्यवस्थित जेवण घेतलेलं असेल तर, तुमच्या हातात असलेल्या सापाच्या पाठीला तिला बोट लावू द्या आणि लगेच साबणानं हात धुवायला न्या. तुम्हीही पुन्हा हाताळायला सुरुवात तेव्हाच करा, सुरुवातीला पाच-दहा मिनिटं, आठवड्यातून एक-दोनदा. आणि पाण्याचं भांडं, चिमटा, उंदीर वितळवायचं पातेलं स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका. त्यांच्यासाठी वेगळी बादली ठेवा.